ओटी परतवायची नसते

अक्का, कोर्टाचं झालं. तू असतीस तर मी पायातल्या चपला काढायच्या आत विचारलं असतंस, "किती?" पाणी नाही, चहा नाही, आधी आकडा. पण आकडा आधी सांगितला तर तू पुढचं ऐकायची नाहीस. उठून मशीनवर बसशील आणि तोंडात टाचण्या धरून बोलणं बंद करशील. म्हणून क्रमाने सांगते.

मी अजून तुझ्याच घरात आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीतली माझी मेस मदतनीस बाईच्या हवाली करून आले होते, तिथं काय चाललंय देव जाणे. आणि मला भीती वाटते, हेही सांगून टाकते. मी घाबरट नाही, तुला माहीत आहे. नवरा गेल्यावर कॉलेजच्या पोरांची मेस काढली, धरणाच्या कामावरचे दारू पिऊन आलेले मुकादम दारातून हाकलले. पण तुझ्या गल्लीची मला भीती वाटते. इथं कुणी मला एक वाकडा शब्द बोललेलं नाही, म्हणूनच वाटते.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. पोरीचं नाव मी लिहीत नाही. ती आणि तिची आई तुझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहतात. पोरगी बाविशीची, नवऱ्याने टाकलेली, डाळ मिलमध्ये तूर निवडायला जायची. एका संध्याकाळी मिलच्या मालकाने तिला गोदामात थांबवून घेतलं. तिथून सुटली ती आईकडे गेली नाही, तुझ्या दारात आली. तू बेतलेलं कापड तसंच टाकलंस आणि तिला घेऊन निघालीस, आधी पोलिसात, मग सरकारी दवाखान्यात. दाजी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, म्हणत होते, सकाळी जाऊ. तू म्हणालीस, "सकाळपत्तुर गाव शाणं होतं."

ते मला तू नंतर सांगितलंस, हसत. पण झालं तसंच. सकाळपर्यंत गाव शहाणं झालं होतं. मिलमधल्या बायकांनी काही पाहिलं नव्हतं. गोदामाच्या राखणदाराला त्या दिवशी ताप होता. तरीही केस उभी राहिली, कारण डॉक्टरांचा कागद होता, पोरीने आपलं सांगणं एकदाही बदललं नाही आणि तू पिंजऱ्यात उभी राहून सगळं सांगितलंस. न्यायाधीशांनी गुन्हा शाबीत धरला. शिक्षा किती द्यायची त्याचं ऐकायला पुढची तारीख दिली. तुझा सांगावा आला, "शाबीत झालं, चार दिवस ये, माझं बीपी वाढलंय." मी आले.

पहिल्या दिवशी पोरगी तुझ्याकडे शिवण शिकत काज करता करता तुला काय म्हणाली, आठवतं? "अक्का, किती लागतील?"

"कायदा सातचा हाय. सातच्या खाली न्यायचं तर जजला खास कारण दाखवावं लागतं म्हणे."

"सातात मी पुरा ब्लाऊज शिकते. बाह्या बी. मग आईला घेऊन कुठं बी जाता येतंय, तो यायच्या आत."

तिला सूड नको होता. तिला वर्षं हवी होती. आपल्याला सगळ्यांना तेव्हा ते साधं वाटलं, सात म्हणजे सात.

मालकाबद्दलही सांगायला हवं, नाहीतर वाचणारे म्हणतील एका माणसाला एवढं काय घाबरायचं. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. गावातले हातपंप खडखडतात, सरकारी टँकर आला तर आला. मालकाच्या शेतातल्या बोअरला मात्र पाणी आहे, आणि तो ते विकत नाही, वाटतो. दिवसाआड त्याचा टँकर गल्लीगल्लीत येतो. गुरांसाठी त्याने चारा आणला. नवा जिल्हा झाला, नवी ऑफिसं आली, जिल्ह्याच्या गावी साहेब लोकांना राहायला घरं नव्हती, ती त्याने बांधून भाड्याने दिली. तो तुरुंगात गेला तर पाणी बंद, असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी याच गुन्ह्यासाठी खाणीवरच्या एका दगडफोड्याला दहा वर्षं लागली होती. मी तेव्हाही तुझ्याकडे आले होते. तुझी शेजारीण कमलबाई उंबऱ्यात बसून म्हणाली होती, "दहाच? मेल्याला जलमभर सडवाय पाहिजे." सगळी गल्ली तेच म्हणत होती, दाजींसकट. दगडफोड्याच्या बाजूने कोर्टात एक माणूस उभा राहिला नव्हता. मी त्याची कड घेत नाही. दहा मिळाली ती बरोबरच मिळाली. पण यावेळी टँकरच्या रांगेत तीच कमलबाई घागर पायाने सरकवत म्हणाली, "मानूस चुकतंय ओ. आन ही तरी, अंधार पडल्यावर गोदामात कामून थांबली?"

"थांबली न्हाई. थांबवून घेतलं," तू म्हणालीस.

"ते बी खरंच म्हणा," कमलबाई म्हणाली. "सरका की पुढं, नळी आली."

एवढंच. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. मला वाटलं, दोन वर्षांत गुन्हा तोच राहिला, फक्त नळीच्या टोकाला उभा असलेला माणूस बदलला.

आणि मग ती दुपार. मालकाची आई आली, जिला सगळं गाव मोठ्या बाई म्हणतं. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून पायी आली, बरोबर दोघीजणी, हातात झाकलेलं ताट. कमलबाई मागोमाग बघायला आली. मी स्वयंपाकघरात होते. ताटात नारळ, खण, तांदूळ आणि वर हिरवी साडी दिसली तशी मी चुलीपाशीच थांबले. ओटीच्या वेळी माझ्यासारखीने पुढं यायचं नसतं. पण मधल्या दारातून सगळं दिसत होतं.

"मास्तरीणबाई, येऊ का आत?"

"या की. दार कुणाला बंद हाय?" तू म्हणालीस.

"लेकीला बोलवा. वटी भरायची हाय."

पोरीची आई हात पुसत आली. तिने ती साडी पाहिली आणि तिला रडूच फुटलं. "नवऱ्यानं टाकल्यापासून हिची वटी कुणी भरली न्हाई ओ. केस झाल्यापासून तर हळदीकुंकवाला बी कुणी बोलवंना." पोरगी भिंतीला टेकून उभी होती. तिने मोठ्या बाईंकडे पाहिलं नाही, आईकडे नाही. तुझ्याकडे पाहिलं. तुझ्याच शब्दावर ती पोलिसात गेली होती, तुझ्याच शब्दावर कोर्टात.

तू म्हणालीस, "घे बाय. ओटी परतवायची नसते."

तिने पदर पुढं केला. मोठ्या बाईंनी कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला. म्हणाल्या, "लेक हायस माझी. देवाच्या मनात व्हतं, झालं. आता मनात ठिवू नको." चहाला थांबल्या नाहीत. त्या गेल्यावर पोरगी पदर तसाच धरून उभी राहिली, कुठं ओतायचा ते न कळल्यासारखी. खाली सांडलेले दाणे तू वेचलेस.

संध्याकाळी आपण भांडलो.

"कामून घेऊ दिलीस?" मी विचारलं.

"मंग काय करू? भरलं ताट घिऊन आलेली बाई दारातून माघारी लावू? अपशकुन कुणाला? पोरीलाच."

"ती काय पोरीसाठी आली होती?"

"तू नांदेडला राहून लई हुशार झालीस."

"आणि तू इथं राहून मऊ झालीस."

तू दिवा घालवलास आणि पाठ करून झोपलीस. त्या वाक्याचं मी काय करू, अक्का? तू आणि मऊ! माझा नवरा गेल्यावर महिनाभर माझ्याकडे राहून तू पोरांची ताटं घासलीस. भाजीवाल्याशी अशी भांडलीस, की तो आजही मला निवडक वांगी देतो आणि वर विचारतो, "तुमच्या अक्का आल्या नाहीत ना?" मी ते वाक्य परत घेणार होते. सकाळी घेऊ म्हटलं. सकाळी टँकर आला.

रांगेत कुणीतरी तुला अगदी आनंदाने म्हणालं, "बरं झालं मास्तरीणबाई, मिटलं एकदाचं. पोरीनं वटी घेतली म्हणे. वकील म्हणाला, आता समेटच झाला, दोनावर भागतंय." तू घागर तिथंच ठेवलीस. पाणी न घेता घरी आलीस, पलंगाच्या कडेवर बसलीस.

"मला ओटी दिसली गं," तू म्हणालीस. "वकील न्हाई दिसला."

त्यांनी दुसरं काहीही आणलं असतं, पैसे, दागिना, तर तू दारातून हाकललं असतंस. त्यांनी ते आणलं जे तुझ्यासारखी बाई परत पाठवूच शकत नाही. हे कुणा शहरातल्या माणसाला सुचलं नसतं. आपल्याच माणसांना सुचलं. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

मग तू उठलीस. "मी जाते कोर्टात. त्या दिवशी काय झालं ते सांगते."

दाजी म्हणाले, "घरात पाणी कुणाचं येतंय ते तर बघ."

"मंग सरकारी टँकरची वाट बघू. बिनआंघोळीचं कुणी मरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठलीच नाहीस. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. लोक मला आडून आडून विचारतात, काही भलतंसलतं तर नाही ना? नाही. कुणी काही केलं नाही. गोळ्या तू कधीच वेळेवर घेतल्या नाहीस. खोटा संशय पसरवून आपली बाजू मोठी करायची नाही, एवढं तुझ्याकडूनच शिकले.

पण तुला न्हाऊ घालायला घरात पाणी नव्हतं. दाजी एक पिंप घेऊन कुठं कुठं फिरून आले. आणि मग कुणी न सांगता मालकाचा टँकर दारात येऊन उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरून हात जोडून म्हणाला, "मोठ्या बाईंनी पाठवलंय. मास्तरीणबाईस्नी कमी पडू नये म्हणल्या." जमलेल्या बायका हळहळल्या. "बघा, अशा टायमाला बी इसरले न्हाईत." दाजींनीही हात जोडले. मला वाटलं, नळी धरून सगळं पाणी गटारात सोडून द्यावं. नाही सोडलं. भरून घेतलं, तुला घालायचं होतं. तुझ्या पाठीवर तांब्या तांब्या तेच पाणी ओतलं.

आपल्या लिंगायत रीतीने तुला बसवलं. कपाळाला भस्म लावलं, हातात लिंग दिलं. मशीनवर बसायचीस तशीच बसली होतीस, ताठ. तुला मातीत बसवलं तेव्हा स्वामी मंत्र म्हणत होते आणि मी मनात माणसं मोजत होते. ओटी भरली तेव्हा त्या खोलीत कोण कोण होतं? मोठ्या बाई आणि त्यांच्या दोघी. कमलबाई, ती त्यांच्या बाजूची. पोरगी आणि तिची आई, त्यांचं कोण खरं मानणार? तू होतीस. आणि स्वयंपाकघरात मी.

मग सुरू झालं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायचा आणि मग विचारायचा, "ताई, नांदेडला कधी निघणार?" साधा प्रश्न. कुणीही विचारतं. पण दिवसभरात किती तोंडांतून तो आला! मिलचे मुनीमजी आले. बसले, डोळे पुसले, म्हणाले, "अक्का म्हंजे देवमाणूस." मग म्हणाले, "तुमची मेस हाय ना विष्णुपुरीला? कॉलेजच्या मागं? आमचा भाचा तिथंच शिकून राहिला. म्हणत व्हता, मावशी लई चांगलं जेवण घालतात. मेस बंद ठेवू नका ताई. आजकाल पोरं दुसरीकडं लगीच जातात. गाडी लावून देऊ का उद्याच्याला?"

"नको," मी म्हणाले. "आहे अजून काम."

"काय काम?" त्यांनी हसून विचारलं.

मी चुलीकडे वळले. त्यांच्यासाठी ठेवलेला चहा उतू गेला.

सरकारी वकिलांकडे मी एकटीच गेले. दाजी म्हणाले, "मी येत न्हाई आन तुला अडवत बी न्हाई." वकील तरुण होते, नव्या जिल्ह्यात नवीनच आलेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "शपथेवर सांगाल? समोरचे वकील प्रश्न विचारतील. जरा टोचणारे असतात." मी म्हटलं, सांगेन. बाहेर आले. मला वाटत होतं, हे तुझं काम आहे. तू अर्धवट टाकून गेलीस.

तारखेला कोर्ट भरून गेलं होतं. गल्लीतल्या बायका पुढच्या बाकांवर होत्या, इस्त्रीच्या लुगड्यांत, लग्नाला आल्यासारख्या. कमलबाईही होती, सुनेला शेजारी घेऊन. मालकाच्या वकिलांनी खास कारणं मांडली. दुष्काळात गावाला पाणी पाजलं. गुरं जगवली. मिल बंद पडली तर मजुरांच्या चुली विझतील. म्हातारी आई आहे. पूर्वी कधी गुन्हा नाही. आणि शेवटी, "दोन्ही घरांनी मन मोठं केलं आहे. आरोपीच्या आईने मुलीची ओटी भरून तिला लेक मानली, आणि मुलीने ती ओटी स्वीकारली." बायकांच्या बाकांवर माना हलल्या. पोरगी माझ्या शेजारी बसली होती. तिने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. मला बोलावलं तेव्हा तिची बोटं सोडवून उठावं लागलं.

समोरच्या वकिलांचा आवाज मऊ होता. "ताई, तुम्हाला नुकतंच दुःख झालंय, मी जास्त विचारत नाही. ओटी भरली, हे खरं?"

"खरं."

"मुलीने पदर पुढे केला?"

"केला."

"नको म्हणाली नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही स्वतः... माफ करा, आपल्या रीतीप्रमाणे तुम्ही तर समोर नसणार."

"समोर नव्हते. दारात होते. विधवेला ओटी भरता येत नाही, वकीलसाहेब, पण दिसतं."

मागे कुणीतरी हसलं. त्या हसण्याने मला जरा धीर आला, खरं सांगते.

"मग हा समेट नाही तर काय?"

"तुमच्या घरी कुणी ताट घेऊन आलं तर तुमच्या मंडळींनी ओटी कधी परत पाठवलीय का? विचारा घरी जाऊन. ओटी परत पाठवत नाहीत. वैऱ्याची असली तरी घेतात. म्हणूनच ती आणली होती."

वकील पुढचं विचारणार तेवढ्यात न्यायाधीशांनी हात वर केला. "बाई, ओटी भरताना मोठ्या बाई काय म्हणाल्या? जसं म्हणाल्या तसं सांगा."

मी सांगितलं. "देवाच्या मनात व्हतं, झालं. आता मनात ठिवू नको."

"अजून?"

"अजून काही नाही, साहेब. आमच्याकडून चुकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मुलाने वाईट केलं, असं नाही. माफ कर, असं नाही. कुणी माफी मागितलीच नाही. मागितली नाही ती हिने दिली कुठून?"

मी खाली उतरले आणि परत पोरीशेजारी जाऊन बसले.

दुपारनंतर शिक्षा सांगितली. न्यायाधीश म्हणाले, ओटी हा समेट नाही आणि असा गुन्हा समेटाने मिटतही नाही, ते कारण मी मनात घेत नाही. मला वाटलं, झालं, सात. मग ते पुढं वाचत गेले. दुष्काळातली सेवा, मजुरांची पोटं, आईचं वय, लोकांमधलं स्थान. एवढी कारणं मात्र खास ठरली.

पाच, अक्का.

ओटी गेली, पाणी राहिलं. न्यायाधीश वाईट माणूस नव्हते, नीट ऐकून घेत होते. पण दगडफोड्याने गावाला काय दिलं असतं? त्याच्याकडे हातोडा होता. त्याच्यासाठी बाकांवर बायका बसल्या नव्हत्या, म्हणून तो निव्वळ गुन्हेगार राहिला. मालक गुन्हेगार झाला, शिवाय पाणी देणारा राहिला, आणि कुणीतरी त्यातून हे वजा केलं. मी शिकलेली फार नाही. पण ही वजाबाकी चुकली आहे एवढं मला कळतं. पाणी त्याने पोरीच्या बदल्यात दिलं नव्हतं.

शिवाय त्यांचे वकील पायऱ्यांवर म्हणत होते की वरच्या कोर्टात जाऊ, तोवर जामीन मिळतोय का बघू. म्हणजे पाचही पाच नाहीत. परतताना एसटीत पोरगी खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "पाचात साधा ब्लाऊज व्हतो. अवघड कापाचा, कटोरीचा न्हाई व्हनार." मी मेसच्या हिशेबाने बोलले, "चल माझ्याबरोबर नांदेडला. पोळ्या लाटायला बाई हवीच आहे." ती म्हणाली, "आईचा जीव इथं हाय. आन मी कामून जाऊ?" अगदी तुझ्यासारखी म्हणाली. मला राग आला आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि आपल्या गल्लीत न थांबता पुढं गेला. ड्रायव्हरने काही सांगितलं नाही. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या. मग एकेकीने वळून तुझ्या दाराकडे पाहिलं. शिवी नाही, दगड नाही. नुसतं पाहिलं. मी खिडकीपासून मागं सरले. मला शिव्या चालल्या असत्या. मेसवाल्या बाईला शिव्यांचं काय? त्यांच्याकडे घागरी होत्या आणि त्या रिकाम्या होत्या, माझ्यामुळे.

आज दुपारी दार वाजलं. दाजी आरामखुर्चीत, पोरगी तुझ्या मशीनवर. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणीच उठलं नाही. परत वाजलं, हळू. मी उठले. मनात म्हटलं, आता जे बोलायचं ते बोलून घेतील.

कमलबाई होती. मागं तिची सून, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला.

"ताई, हळू बोला," कमलबाई म्हणाली, जणू मीच ओरडत होते. "कोर्टात तुम्ही म्हणलाव न्हवं, कुणी माफी मागितलीच न्हाई म्हणून?"

"हो."

"ही तवापासून जेवली न्हाई."

सून खाली बघत होती. कमलबाईने तिचा दंड धरला होता. "ही बी मिलमधी जात व्हती. गेल्या साली मीच काढून घेतलं. कामून काढलं ते कुणाला सांगितलं न्हाई. हिच्या नवऱ्याला बी न्हाई."

"ओटी भरली तेव्हा तू या खोलीत होतीस, कमलबाई," मी म्हणाले.

"व्हते."

"रांगेत तू काय बोलत होतीस?"

"बोलले की," ती म्हणाली. "मंग काय करू? पाणी भरायचं व्हतं." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

अक्का, मी कोर्टात घाबरले नव्हते एवढी त्या दारात घाबरले. मला वाटलं होतं, एकदाच बोलायचं, तुझं राहिलेलं काम उरकायचं आणि नांदेडची गाडी धरायची. ही म्हणजे परत पोलीस, परत तारखा, परत ते मुनीमजी दारात हसत. आणि या वेळी डॉक्टरचा कागद नाही, नवऱ्याला ठाऊक नाही, वर्ष उलटून गेलेलं. केस होईल की नाही तेही मला माहीत नाही. मला तुझा राग आला. मेलीस कशाला? हे तुला येत होतं, मला येत नाही.

दाजी खुर्चीतून उठले. मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी कोनाड्यातली टोपी घातली, आमच्या अंगावरून बाहेर गेले आणि उन्हात पायरीवर बसले. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, "मास्तर, एवढ्या उन्हात कामून बसलाव?"

"घरात बायका हाईत," दाजी म्हणाले. जागचे उठले नाहीत.

पोरीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. बाकावर जरा सरकली आणि कमलबाईच्या सुनेला शेजारी बसवून घेतलं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मी समोर बसले.

"सांग," मी म्हटलं.